मुकादम गेला नाही, त्यानं फक्त पाटी बदलली

(पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा.)

आपल्या हिंगोलीत आजकाल पोरं 'नोकरी लागली' असं म्हणत नाहीत. 'एजन्सीकडून लागलो' असं म्हणतात. सरकारी दवाखान्यातला डेटा एंट्रीवाला, बँकेच्या दारात उभा असलेला गार्ड, घंटागाडीवरचा कामगार, नाहीतर चाकण, रांजणगाव, वाळूजला गेलेला आयटीआयवाला, सगळ्यांची गत सारखीच. काम एकाकडं, पगार दुसऱ्याकडून. काम किती दिवसांचं विचारलं तर उत्तर ठरलेलं: सात महिने, अकरा महिने, नाहीतर 'पुढचं टेंडर होईपर्यंत'.

हा विषय निघाला की दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हे सगळं २०२३ च्या जीआरनं केलं. दुसरं म्हणतं, जमाना बदलला, आता याला पर्यायच नाही. मला दोन्ही पटत नाहीत. काम आणि कामगार यांच्या मध्ये उभा राहणारा माणूस फार जुना आहे. आणि त्याला पर्याय नाही असं निदान महाराष्ट्रानं तरी म्हणू नये, कारण आपल्याच राज्यानं तो पर्याय एकदा नाही, तीनदा करून दाखवलाय. तो इतिहास आपण विसरलो, म्हणून आज लिहायला बसलो.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शेतावर वर्षभराचा माणूस ठेवायचा तर सालगडी. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरायचं, आजही अनेक गावांत तसंच ठरतं. धान्य किती, रोख किती, कपडे किती, सगळं तोंडी. त्याहून वाईट प्रकार म्हणजे भागेला. कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या शेतात राबायचं. ते फिटायचं कधी, हे सावकाराची वही ठरवणार. हा प्रकार इतका बोकाळला की १९३६ साली खुद्द निजाम सरकारला भागेला करारांवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण खेड्यात वही सावकाराच्याच हातात राहिली. हे ध्यानात ठेवा. वही कुणाच्या हातात, हाच या सगळ्या गोष्टीतला मुख्य प्रश्न आहे.

मग आला ऊसतोडीचा मुकादम. तो आपल्याला नवा नाही. वसमतला पूर्णा, कुरुंद्याला टोकाई, असे कारखाने आपल्याच जिल्ह्यात आहेत आणि तोडीला बाहेर जाणारी माणसंही आपल्याच तांड्या-वाड्यांतली. पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा एक कोयता धरून ट्रॅक्टर भरतो. पट्टा पडेपर्यंत ते उचल फेडत राहतात. कारखाना म्हणतो, मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी नुसता मधला, दर कारखाना ठरवतो. फडात बाई आजारी पडली, बैल मेला, कुणाचा अपघात झाला, तर मालक कोण, याचं उत्तर सापडत नाही. आज एजन्सीच्या पोराला जे दोन्हीकडून ऐकायला मिळतं, ते या माणसांनी दोन पिढ्या ऐकलंय.

हे फक्त खेड्यातलं दुखणं नव्हतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत हाच माणूस जॉबर नावानं उभा होता. गिरणीत भरती त्याच्या हातात. गावाकडून माणसं आणायची, त्यांना खोली मिळवून द्यायची, व्याजानं पैसे द्यायचे आणि कामावर घेण्याबद्दल दस्तुरी खायची, हा त्याचा धंदा. कायम कामगार रजेवर असला तर त्याच्या जागी 'बदली'. हे बदली रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. आज काम मिळेल का, हे जॉबरच्या मर्जीवर. इंग्रज सरकारनं नेमलेल्या व्हिटले आयोगानं १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. १९३५ ला गिरणीमालकांच्या संघटनेनंच बदली नियंत्रण योजना आणली. ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायची आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची.

आता गिरणीमालकांना कामगारांचा पुळका आला होता असं नाही. जॉबर माणसं सारखी बदलत राहायचा, त्यानं कामाचा विचका व्हायचा, म्हणून मालकच वैतागले होते. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. तात्पुरतं काम असणं वेगळं, आणि तात्पुरत्या कामगाराला कुणाच्या मर्जीवर सोडणं वेगळं. कामाची गरज दिवसाची असली तरी कामगाराची नोंद कायमची ठेवता येते.

पुढचा टप्पा सेवायोजन कार्यालय, म्हणजे आपलं 'एम्प्लॉयमेंट'. दुसरं महायुद्ध संपताना सैन्यातून सुटणाऱ्या जवानांना काम मिळावं म्हणून १९४५ ला ही यंत्रणा सुरू झाली. नंतर सगळ्यांसाठी खुली झाली. १९५६ ला कार्यालयांचा कारभार राज्यांकडं आला. १९५९ ला कायदा झाला, रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवणं सक्तीचं झालं, आणि तो लागू झाला १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी.

माझ्या पिढीतल्यांना ते कार्ड आठवत असेल. हिंगोली जिल्हा व्हायच्या आधी, म्हणजे १ मे १९९९ पूर्वी, आपला जिल्हा परभणी. दहावी-बारावी झाली की एसटीनं परभणी, लायनीत उभं राहायचं, नाव नोंदवायचं, मग तीन वर्षांनी नूतनीकरण. आणि 'कॉल' यायची वाट बघायची. बहुतेकांना कॉल आलाच नाही. पण त्या यंत्रणेची एक गोष्ट चांगली होती. मध्ये बसलेला माणूस सरकारी होता, नोंदीला क्रमांक होता, ज्येष्ठता होती आणि त्यासाठी पैसे द्यायचे नव्हते.

तिची कमजोरी कायद्यातच होती. जागा कळवणं सक्तीचं, पण त्यांच्याच यादीतून माणूस घेणं सक्तीचं नाही. १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की फक्त सेवायोजनच्या यादीवर थांबू नका, जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्या. न्यायाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण त्यानंतर ही कार्यालयं हळूहळू नुसती नोंदणीची खिडकी होऊन बसली. जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेत कुणीतरी येतंच.

आता त्या तीन पर्यायांकडं येतो.

पहिला, माथाडी कायदा, १९६९. मुंबईच्या बाजारात पाठीवर, डोक्यावर ओझं वाहणारे हमाल टोळ्यांमध्ये काम करायचे. टोळीवाला व्यापाऱ्याकडून पैसे घ्यायचा आणि आपला वाटा कापून उरलेलं हमालाला द्यायचा. आज या दुकानात, उद्या त्या गोदामात, मग मालक कोण म्हणायचा? अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि लढ्यातून कायदा झाला. कायद्याची युक्ती फार साधी आहे. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचं एक मंडळ. हमालानं मंडळात नोंद करायची, व्यापाऱ्यानंही करायची. व्यापारी मजुरी मंडळात भरणार, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी. मंडळ हमालाला मजुरी देणार आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना बघणार. म्हणजे काम दहा दुकानांत केलं तरी हिशोब एका ठिकाणी. टोळीवाल्याच्या हातातली वही मंडळाच्या टेबलावर आली.

आपल्याकडं संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात तेव्हा हमालांच्या कष्टाकडं एकदा बघा. एका दिवसात किती जणांचा माल ते उचलतात? त्यांचा एकच मालक शोधायला गेलात तर सापडणार नाही. अशाच माणसांसाठी ५० हून जास्त वर्षांपूर्वी हा विचार केला गेला.

दुसरा, रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ च्या सुमारास या कल्पनेचा प्रयोग केला. मग १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो बघितला त्यांना सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडणं आठवत असेल. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम. काम तात्पुरतंच, पाझर तलाव, नाला बांध, रस्ता. पण मध्ये ठेकेदार नाही, काम खात्यामार्फत, नोंद मस्टरवर.

याचा पैसा कुठून आला? १९७५ ला व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा म्हणून तो सुरू झाला. आज गंमत बघा. एजन्सीवर दहा हजारांच्या वर पगार घेणाऱ्या पोराच्या स्लिपमधूनही तो कापला जातो. दुसऱ्याच्या कामाच्या हमीसाठी सुरू झालेला कर तो भरतो, आणि त्याच्या स्वतःच्या कामाला मात्र कसलीच हमी नाही.

तिसरा पर्याय सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, आणि आजच्या प्रश्नाला तोच सगळ्यात जवळचा. महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक कायदा, १९८१. सुरक्षा एजन्सी कंपनीकडून एक रक्कम घेणार आणि गार्डच्या हातात दुसरीच टेकवणार, हा प्रकार तेव्हाही होता. म्हणून माथाडीच्याच धर्तीवर सुरक्षा रक्षक मंडळं केली. आस्थापनेनं मंडळाकडं मागणी करायची, मंडळ नोंदणीकृत रक्षक पाठवणार, वेतन आणि लेव्ही मंडळात जमा. म्हणजे आज आपण ज्याला 'मनुष्यबळ पुरवठा' म्हणतो, ते काम एका सार्वजनिक मंडळानं करावं असा कायदा या राज्यात ४० वर्षांहून जास्त काळ आहे! पण त्याच कायद्यात सूट देण्याचीही सोय आहे. त्या दारानं एजन्सींचे रक्षक मंडळाबाहेर राहत गेले. आज तुमच्या ओळखीच्या पाच गार्डना विचारा, मंडळाचे किती आणि एजन्सीचे किती.

या तिन्ही ठिकाणी काम तात्पुरतंच होतं. हमालाचं तासाचं, रोहयोचं हंगामाचं, गार्डचं पाठवतील तिथलं. कुणालाही कायम नोकरीचं गाजर दाखवलं नव्हतं. फक्त तीन गोष्टी केल्या होत्या. नोंद सार्वजनिक ठिकाणी, मजुरीचा हिशोब मधल्या माणसाच्या खिशाबाहेर, आणि जबाबदार कोण हे कागदावर.

मग गाडी उलटी कुठं फिरली?

केंद्राचा कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. त्याचं नावच 'नियमन आणि निर्मूलन'. कंत्राटदाराला परवाना हवा, मूळ मालकाची नोंदणी हवी, आणि कंत्राटदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं तो द्यायचा. पण २० कामगारांची अट होती. एकोणीसच दाखवायचे की झालं. २०१७ पासून महाराष्ट्रानं ही अट ५० वर नेली. २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कंत्राटी पद्धत बंद केली तरी ते कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. २००६ च्या उमादेवी निकालानं सरकारी खात्यातल्या तात्पुरत्या माणसांचा कायम होण्याचा रस्ता अरुंद केला. मागच्या दारानं भरती नको, हा त्यामागचा विचार योग्य होता. पण खात्यांनी त्यातून भलताच धडा घेतला. माणूस थेट तात्पुरता घेतला तर उद्या कोर्टात जाईल, म्हणून एजन्सीमार्फत घ्या. म्हणजे तो आपला राहणारच नाही.

खाजगी कारखान्यातला 'ब्रेक' असाच कायद्याच्या पोटातून जन्मला. वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग सेवा धरली जाते आणि काही हक्क लागू होतात. म्हणून सात महिन्यांनी पोरगं घरी. पुन्हा नवा अर्ज, नवा फोटो, जुनंच मशीन.

या सगळ्याच्या शेवटी ६ सप्टेंबर २०२३ चा जीआर येतो. राज्य सरकारनं नऊ एजन्सींची यादी केली आणि अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा चार गटांत सरकारी कामासाठी माणसं त्यांच्याकडून घ्यायची असं ठरवलं. राज्यभर पोरं रस्त्यावर आली. २० ऑक्टोबर २०२३ ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जीआर रद्द करत असल्याचं जाहीर केलं, आणि ही पद्धत आधीच्या सरकारांनी सुरू केली असंही सांगितलं. विरोधकांनी ते नाकारलं. भांडण कुणी सुरू केलं यावर गेलं आणि तिथंच विरलं. कारण जीआर रद्द झाला, पद्धत रद्द झाली नाही. खात्याखात्यांची, नगरपालिकांची स्वतंत्र टेंडरं तशीच चालू राहिली. २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सहा, आठ, दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, मग अकरा. त्यात एजन्सी नव्हती हे खरं, पण मुदत संपल्यावर पुढं काय, हे त्या पोरांनाही कुणी सांगितलं नाही.

एजन्सीची बाजूही मांडली पाहिजे. सेनगावच्या पोराला चाकणच्या कंपनीत आज किती माणसं लागतात हे कसं कळणार? ते कळवणारा कुणीतरी लागतोच. सेवायोजन ते काम करू शकलं नाही, एजन्सी करते. अनेकांची पहिली कमाई, पहिला अनुभव तिथूनच येतो. आणि सरकारी पर्यायही सोवळे राहिले नाहीत. माथाडीच्या नावावर काही ठिकाणी खंडणी झाली, रोहयोत खोटी मस्टरं भरली गेली. आपल्या जिल्ह्यात कुणाला हे सांगायला नको. पण मस्टर खोटं आहे हे पकडता तरी येत होतं, कारण मस्टर होतं. एजन्सीला खात्यानं एका माणसामागं किती दिले आणि माणसाच्या हातात किती पडले, हा कागद तुम्ही कधी बघितलाय?

आणि जुन्या मुकादमापेक्षा एक गोष्ट वाईट झालीय. मुकादम बांधून घ्यायचा, पण निदान आधी उचल द्यायचा. आता माझ्याकडं येणारी पोरं उलटं सांगतात. 'सर, आधी पैसे भरा म्हणतात.' कुठं डिपॉझिट, कुठं ड्रेसचे, कुठं ट्रेनिंगचे, तर कुठं नुसतेच 'साहेबांचे'. अकरा महिन्यांच्या कामासाठी दोन महिन्यांचा पगार आधीच मोजणारे बाप मी बघितलेत. उचल घेणारा मजूर कर्जात जायचा. डिपॉझिट भरणारं पोरगं कामावर जायच्या आधीच कर्जात जातंय. मुंबईच्या जॉबरची दस्तुरी संपली असं आपण पुस्तकात वाचलं. ती आपल्याकडं यायला ९० वर्षं लागली, एवढंच.

म्हणून 'कंत्राटी बंद करा' एवढी घोषणा देऊन भागणार नाही. ती २०२३ ला देऊन झाली. मागणी नेमकी हवी. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयानं, नगरपालिकेनं आपल्या दर्शनी फलकावर चार ओळी लावाव्यात: एजन्सी कोणती, माणसं किती, एका माणसामागं एजन्सीला किती दिले जातात, आणि माणसाला हातात किती मिळायला हवेत. याला नवा कायदा लागत नाही. कुणी लावत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दुसरी मागणी आपल्या आमदार-खासदारांकडं: सुरक्षा रक्षकांसाठी जे मंडळ चालतं, तसं डेटा एंट्री, सफाई, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांच्यासाठी का नको? आराखडा १९६९ पासून तयार आहे.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी. कामावर जायच्या आधी नियुक्तीपत्र मागा. पगार स्लिप मागा. पगारातून पीएफ कापतात तर यूएएन नंबर घ्या आणि पासबुक मोबाईलवर स्वतः बघा. पैसे कापले आणि भरलेच नाहीत, हे तिथं लगेच दिसतं. ईएसआयसी कापत असतील तर त्याचा नंबर आणि दवाखान्याचा हक्क तुमचा आहे. कामाला लावण्यासाठी कुणी पैसे मागितले तर पावती मागा, तिथंच निम्मे गप्प होतात. एजन्सीनं पगार थकवला तर ज्या कार्यालयात किंवा कंपनीत काम करता तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १९७० चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांत गेला, पण कंत्राटदारानं बुडवलेल्या मजुरीची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तत्त्व तिथंही कायम आहे. 'आमचा संबंध नाही, एजन्सीला विचारा' हे उत्तर कायद्याचं नाही.

तुम्ही एजन्सीकडून काम करत असाल तर कमेंटमध्ये फक्त खातं आणि हातात पडणारा पगार लिहा. स्वतःचं नाव लिहायची गरज नाही, भीती वाटत असेल तर इनबॉक्स करा. पन्नास जणांनी लिहिलं तरी आपल्या जिल्ह्याची एक वही तयार होईल. आजवर ती नेहमी मधल्या माणसाकडंच राहिलीय. निदान एक प्रत आपल्याकडं असू द्या.